सावेसाहेबांची तांबडी रेघ

श्री. नारायण सावे यांची आणि माझी पहिली ओळख एका शाळेच्या नकाशावरून झाली. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि पालघरच्या एका बांधकाम कचेरीत ट्रेसर म्हणून नुकतीच लागले होते. ट्रेसर म्हणजे साहेबांनी पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर ट्रेसिंग कागद ठेवून तो शाईने गिरवणारा माणूस. डोकं चालवायचं नाही आणि हात कापू द्यायचा नाही, एवढीच त्या कामाची अट. पहिल्याच आठवड्यात मी एक नकाशा गिरवून शाखा अभियंता सावेसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारलं, "यात जमीन कुठे आहे?"

मी जमिनीची रेघ दाखवली.

"आणि पाणी?"

मी शाळेमागची पाण्याची टाकी दाखवली.

"ते प्यायचं झालं. पावसात येतं ते कुठे आहे?"

मी घाबरून परत गेले आणि निळ्या शाईने शाळेच्या पायथ्याशी सुबक लाटा काढून आणल्या. कचेरीतली मंडळी खो खो हसली. साहेब मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "मंगल, घरात शिरलेलं पाणी असं नाचत नाही. ते सपाट उभं राहतं. जिथवर येतं तिथे एक सरळ रेघ मार, शाळेच्या आरपार. तांबडी." किती उंचीवर मारायची तेही त्यांनी वहीत बघून सांगितलं. मी मारली. ती रेघ वर्गातल्या फळ्याच्या मधोमध गेली. त्या दिवसापर्यंत मला तो नकाशा फार छान वाटत होता.

तो नकाशा वरून परत आला. शेरा होता, 'नमुन्यात नसलेली रेषा काढून टाकावी.' साहेबांनी रेषा काढली नाही. त्याखाली दुसरा शेरा लिहिला, 'रेषा काढता येईल, पाणी काढता येणार नाही,' आणि नकाशा पुन्हा वर पाठवला. तो आणखी तीनदा गेला आणि आला. शेवटी शाळा बांधली गेली ती रेघेविनाच. तेव्हापासून कचेरीत त्यांना 'रेघेसाहेब' म्हणू लागले, आणि काही जण ते त्यांच्या तोंडावरही म्हणत.

आता साहेब पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांचा गौरवग्रंथ निघतो आहे याचा मला आनंद आहे. समितीने पत्रात लिहिलं आहे की, लेखात साहेबांच्या कार्याचा आढावा घ्यावा, त्यांची मूल्यं सांगावीत आणि एखादी हृद्य आठवण द्यावी. मी आढावा घ्यायला बसले आणि पहिल्याच ओळीला हात थांबला. कारण साहेबांनी उभा जन्म एकच गोष्ट मागितली आणि ती त्यांना मिळालेली नाही. ज्यांचं म्हणणं कुणी कधी मनावर घेतलं नाही अशा माणसाचा आपण सगळे मिळून सत्कार करतो आहोत. समितीला हे वाक्य खटकलं तर तिने ते खुशाल गाळावं. मला त्याची सवय आहे.

साहेबांचं मागणं साधं होतं. आपल्याकडे घराचं जोतं किती उंच घ्यायचं ते समोरच्या रस्त्यापासून मोजतात. रस्त्यापासून अमुक इतकं वर, की नियमाप्रमाणे घर झालं. पण रस्ता काही जागच्या जागी राहत नाही. दर दोन-चार वर्षांनी त्यावर खडी पडते, डांबर पडतं, मग काँक्रीट, मग कडेला पेव्हर ब्लॉक. रस्ता चढत जातो आणि घर आहे तिथेच राहतं. ज्या घराला पायऱ्या चढून जायचं त्या घरात काही वर्षांनी पायरी उतरून जावं लागतं. शेजारी कुणी गाळे काढायला भराव टाकला की त्याच्या वाटचं पाणीही याच घरात येतं. म्हणून साहेब म्हणत की, सखल भागात रस्ता हे माप धरू नका. आजवर पाणी जिथवर आलं आहे ती रेघ धरा आणि जोतं तिच्यावर दोन वीत घ्या. विजेचा बोर्ड रेघेच्या वर, धान्याची जागा रेघेच्या वर, आणि माळ्यावर किंवा गच्चीवर जायला एक जिना हवाच हवा. एवढंच. त्यांनी यावर किती अर्ज केले ते मला सांगता येणार नाही, पण त्यातले बरेच मीच टाइप केले आहेत. उत्तर एकच येई, 'प्रचलित नियमात रस्त्यापासून मोजण्याची तरतूद आहे.' पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते मी टाइपरायटरवर बसून पाहिलं.

ही रेघ साहेब शोधून काढत कशी, ते सांगायलाच हवं, कारण ती त्यांची खास रीत होती. पूर ओसरला की चिखल वाळायच्या आत ते स्कूटर काढत. पुढे पायाशी रेड ऑक्साइडच्या तांबड्या रंगाचा डबा, मागे मी आणि माझ्या मांडीवर गवंड्यांची पाण्याची नळी. ही नळी साधीच असते, पारदर्शक प्लॅस्टिकची. तिच्यात पाणी भरलं की दोन्ही टोकांना ते एकाच पातळीवर उभं राहतं, म्हणजे एका भिंतीवरची उंची दुसऱ्या भिंतीवर नेता येते. गावात शिरल्यावर साहेब पुरुषांना काही विचारत नसत. "पुरुष सगळे छातीपर्यंतच सांगतात," ते म्हणत. "ज्याची जेवढी छाती तेवढं पाणी." ते सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून बाईमाणसाला विचारत, "काय काय भिजलं?"

बोईसरच्या पूर्वेला, बेटेगावच्याही पुढे, ओहोळाच्या काठाला एक पाडा आहे. पाड्याचं नाव मी मुद्दाम देत नाही. साहेबांनीच बजावलं आहे की, एका गावाचं नाव छापलं तर बाकीची गावं निर्धास्त होतात. तिथे जानकीबाय म्हणून एक बाई भेटल्या. पावसाच्या भरवशावर पिकणारा भाताचा तुकडा, चार कोंबड्या आणि कुडाचं घर, एवढा त्यांचा संसार. साहेबांनी विचारलं तशा त्या आम्हांला आत घेऊन गेल्या आणि बांबूच्या कणगीवरचं गोणपाट त्यांनी दूर केलं.

"सायेब, मला काय इचारता? हिला इचारा. मानूस खोटा बोलंल, भात नाय बोलायचा. भिजला तवडा काला पडला."

कणगीतला भात खरोखरच खालून निम्म्यापर्यंत काळा पडला होता आणि वरचा पिवळा तसाच होता. साहेब खाली बसले. त्यांनी काळा आणि पिवळा भात जिथे मिळतो तिथे बोट ठेवलं, तिथून नळी लावून ती उंची बाहेरच्या मेढीवर, म्हणजे कुडातल्या खांबावर नेली आणि रेड ऑक्साइडने रेघ मारली. मग विचारलं, "बाय, पुढच्या वर्षी भिंत सारवाल तेव्हा ही पुसून टाकणार का?"

"कशाला पुसू? तवडी सोडून सारवीन."

आणि त्यांनी तसंच केलं. दर वर्षी घर सारवताना जानकीबाय मेढीवरची ती चार बोटांची पट्टी मोकळी सोडत. रंग फिका पडला तर गेरूने पुन्हा रेखत. मुलाने पुढे विटांचं घर बांधलं तेव्हाही जुनी मेढ त्यांनी ओसरीत तशीच ठेवायला लावली. साहेबांनी सांगितलं तेवढं जोतं उचललं आणि वर माळाही घातला. साऱ्या पालघर-बोईसर पट्ट्यात साहेबांचं म्हणणं जसंच्या तसं ऐकणारी ही एकच व्यक्ती मला माहीत आहे.

बाकीच्यांचं काय सांगावं! कुणाच्या भिंतीवर रेघ मारली की दिवाळीच्या रंगात ती हमखास जाई. बोईसरच्या चाळमालकांना तर ती मुळीच चालत नसे. कारखान्यात कामाला आलेले परप्रांतीय भाडेकरू खोली बघायला आले की पहिल्यांदा तेच विचारत, "ये लाल लाइन काहे की है?" आणि उत्तर ऐकून शेजारच्या चाळीत जात. तिथे पाणी तेवढंच येई, फक्त रेघ नसे. जोतं उंच घ्या म्हटलं की लोक थट्टा करत. "सायेब, एवड्या पायऱ्या? आमाला घर बांदायचाय, देऊल नाय." साहेब म्हणत, "देवाला पोहता येत असेल, तुम्हांला येतं का?" सगळे हसत, चहा येई, आणि घर रस्त्यापासून मोजूनच बांधलं जाई.

पिकतं तिथे विकत नाही याचा अनुभव साहेबांना घरातही आला. केळव्याला त्यांची वाडी आहे, नारळी-पोफळीची. साहेबांच्या घराला सात पायऱ्या आहेत. धाकट्या भावाने मुंबईच्या पाहुण्यांसाठी वाडीतच सहा खोल्या काढल्या, त्यांना मात्र पायरी एकही नाही. पाहुण्यांना म्हणे अंथरुणावरून उठलं की थेट वाळूत पाय टाकायचा असतो. साहेबांनी डबा नेऊन सहाही खोल्यांवर रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी भावाने प्रत्येक रेघेवर एकेक शिंपल्यांचं तोरण टांगलं. दोघे भाऊ आजही एकाच ताटात पोह्याचे पापड खातात, पण तोरणाचा विषय निघाला की साहेब उठून पोफळींना पाणी लावायला जातात.

हे सारं साहेबांनी का ओढवून घेतलं असावं असा प्रश्न मला फार दिवस पडे. एकदा मुरब्याच्या बाजूला गेलो असताना स्कूटर बंद पडली, तेव्हा मेकॅनिकची वाट बघता बघता त्यांनी आपणहून सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एक शाळा बांधली होती आणि तिचं जोतं रस्त्यापासून मोजलं होतं. अगदी नियमाप्रमाणे. दुसऱ्याच पावसाळ्यात भर शाळेच्या वेळी पाणी आलं. मास्तरांनी मुलं आधी बाकांवर उभी केली, मग बाकांवर बाकं चढवली, आणि अगदी लहान होती ती कपाटावर बसवली. संध्याकाळी होडी पोहोचेपर्यंत मास्तर ते कपाट धरून पाण्यात उभे होते. सगळी मुलं वाचली. "चौकशी झाली," साहेब म्हणाले, "आणि मी निर्दोष ठरलो. जोतं नियमात होतं. मंगल, मला कुणीतरी दोषी धरलं असतं तर बरं झालं असतं." एवढं बोलून ते स्कूटरचा प्लग पुसत बसले.

साहेबांचे माझ्यावरचे उपकार सांगायचे तर ते माझ्या पोटापाण्याचेच आहेत. माझ्या यजमानांचा कारखाना बंद झाला आणि त्याच सुमाराला कचेरीतली माझी हंगामी नोकरीही संपली. घरात दोन मुलं. मी कुणाला काही बोलले नव्हते. एका रविवारी बोईसरला आमच्या दाराशी टेम्पो उभा राहिला. त्यात साहेबांचं स्वतःचं सागवानी आरेखन-टेबल, टी-स्क्वेअर, पट्ट्या आणि पेनांचा डबा होता. मागोमाग साहेब स्कूटरवरून आले आणि म्हणाले, "घरांचे नकाशे काढायला लाग. पहिली चार गिऱ्हाइकं मी पाठवतो." मी म्हटलं, "साहेब, हे मी फेडणार कसं?" तेव्हा त्यांनी मला पहिली आणि शेवटची अट घातली. "प्रत्येक नकाशात पाणी दाखव." टेबल आत ठेवताना त्यांच्या बोटाला लागलं होतं, तर आमच्याच नळावर हात धुऊन ते चहाही न घेता गेले.

ती अट मी बरीच वर्षं पाळली, आणि नंतर मोडली. गौरवलेखात लेखकाने स्वतःविषयी फार बोलू नये हे मला कळतं. पण साहेबांविषयी खरं सांगायचं तर हे टाळता येत नाही.

गिऱ्हाइकं म्हणू लागली, मॅडम, ही रेघ बघून बँकवाला तोंड वाकडं करतो. एका बिल्डरने तर स्पष्टच सांगितलं, "ये लाल लाइन हटा दो, नहीं तो दूसरा नक्शेवाला बहुत है." मी आधी ती रेघ बारीक केली. मग तुटक केली. मग एका कोपऱ्यात, टिपेत घातली. आणि मग एक दिवस ती काढलीच नाही, आणि कुणाचं काही अडलं नाही. नकाशे भराभर मंजूर होऊ लागले. साहेब निवृत्त होऊन केळव्याला होते आणि डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे त्यांचं फिरणं कमी झालं होतं. मी सणासुदीला त्यांच्या पाया पडायला जाई. ते विचारत, "कसं चाललंय?" मी म्हणे, "आपल्या कृपेने बरं आहे."

त्यानंतर तो हॉल आला. जानकीबायच्या त्याच पाड्यावर, ओहोळापासून हाकेच्या अंतरावर, गावाला सभागृह मंजूर झालं. फाइलवर त्याचं नाव होतं, 'सभागृह तथा पूरकाळातील निवारा'. म्हणजे पाणी चढलं की पाड्यातल्या सगळ्यांनी याच हॉलमध्ये यायचं. पाड्यात आता नवी घरकुलं झाली आहेत, सपाट आणि बिनमाळ्याची, तेव्हा त्या लोकांना दुसरी जागाही नाही. नकाशाचं काम माझ्याकडे आलं. मला ती रेघ ठाऊक होती. त्या कणगीशी मी स्वतः नळीचं दुसरं टोक धरून बसले होते. ठेकेदार म्हणाला, रेघेपासून मोजलं तर जोतं पुरुषभर उचलावं लागेल, मग दारापर्यंत चढायचा उतार लांबेल, मंजुरीत बसणार नाही, फाइल परत जाईल आणि गावाला हॉलच मिळणार नाही. सरपंचही हात जोडून म्हणाले, "म्याडम, आमचा हॉल घालवू नका." मी जोतं रस्त्यापासून मोजलं. नियमात अगदी चोख बसलं. गच्चीला जिनाही दाखवला नाही, कारण तोही मंजुरीत बसत नव्हता.

हॉलला रंग लागला त्या आठवड्यात मला साहेबांचा फोन आला. "उद्या तुझ्या हॉलवर येतोय. नळी आण."

साहेब आले ते पुतण्याच्या गाडीने, हातात काठी, पण मांडीवर डबा तोच. आम्ही आधी जानकीबायच्या ओसरीत गेलो. त्या आता खूप थकल्या आहेत, डोळ्यांना नीट दिसत नाही, पण मेढीवरची पट्टी त्यांनी हाताने चाचपून दाखवली. "हाय ना तितंच?" साहेब म्हणाले, "तिथेच आहे, बाय." मेढीपासून हॉलपर्यंत नळी पुरत नव्हती, म्हणून वाटेतल्या घरांच्या भिंतींवर खुणा करत करत आम्ही उंची पुढे नेली. शेवटची खूण हॉलमध्ये, आतल्या भिंतीवर पडली. खिडकीच्या कठड्याच्याही वर एक वीत. मी त्या भिंतीला टेकून उभी होते आणि खूण माझ्या गळ्याशी आली.

साहेबांनी खिशातून चष्मा काढला, दाराशी लावलेल्या नकाशाजवळ गेले आणि खालचा माझा शिक्का वाचला. मला वाटलं, आता मला बोल लागणार, आणि लागलेले बरे. त्यांनी विचारलं ते एवढंच.

"यात पाणी कुठे आहे?"

चौतीस वर्षांपूर्वी ज्या आवाजात विचारलं होतं त्याच आवाजात. मी रडले. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही आणि मला रागावलेही नाहीत. म्हणाले, "माझीही पहिली शाळा नियमातच होती." मग डबा उघडला आणि हॉलच्या चारी भिंतींना आतून रेघ ओढायला घेतली. दुसऱ्या भिंतीनंतर त्यांनी ब्रश माझ्याकडे दिला, आणि उरलेल्या दोन भिंती मी रंगवल्या.

चार दिवसांत गावाने त्यावर पांढरा रंग मारून घेतला. नव्या हॉलला असलं अवलक्षण कशाला, म्हणून. यात गावाचं चुकलं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

त्यानंतर साहेबांच्या सांगण्यावरून मी एकच गोष्ट केली. हॉलच्या मागच्या भिंतीला बाहेरून गच्चीवर जाणारा लोखंडी जिना काढून, त्याचा वेगळा नकाशा करून मंजुरीला दिला. त्यात पाणी दाखवलं आहे. पाणी चढलं तर निदान लोकांना वर जाता येईल. ती फाइल अजून आलेली नाही. कचेरीत विचारलं तर कळलं की, निवाऱ्याचं जोतं नियमाप्रमाणे असताना जिन्याची आवश्यकता काय, असा शेरा पडला आहे. साहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "पुन्हा पाठव." त्यांच्या आवाजात आशा नव्हती. इतक्या वर्षांत ती केव्हा संपली ते मला कळलं नाही, पण त्यांनी अर्ज करायचं काही सोडलं नाही. साहेबांचा मोठेपणा सांगा म्हटलं तर मला एवढाच सांगता येतो.

आता या समारंभाविषयी. समितीने पालघरचं मोठं सभागृह ठरवलं होतं. साहेब आधी सत्कारालाच तयार नव्हते. नंतर म्हणाले, घ्यायचाच असेल तर पाड्यावरच्या त्या नव्या हॉलमध्ये घ्या. सगळ्यांनी त्यांच्या साधेपणाचं कौतुक केलं. साधेपणा कसला? साहेबांची एकच अट होती की, चारी भिंतींवरची रेघ पुन्हा दिसली पाहिजे, म्हणजे मोठमोठे पाहुणे तासभर तरी तिच्या खाली बसतील. समितीने अट मान्य केली. काल मी तयारी बघायला गेले होते. रेघ रंगवलेली आहे. तिच्यावर शुभेच्छांचे फ्लेक्स लावले आहेत, एकाला एक भिडवून, चारी भिंतींना. त्यांवर साहेबांचा हसरा फोटो आहे.

परतताना जानकीबायकडे डोकावले. समारंभाला येणार ना, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "येईन की. सायबांचा सत्कार हाय. पन पानी आला का आमी आमच्या माल्यावर. त्या हालात नाय जायाचे." मी म्हटलं, आणि पाड्यातली बाकीची माणसं? घरकुलातली पोरंबाळं? जानकीबाय म्हणाल्या, "माज्या माल्यावर मावतील तवडी घेईन. तुमीच सांगा, किती मावतील?" मी तो माळा मोजलेला आहे. मला आकडा ठाऊक होता.

पावसाळा तोंडावर आला आहे. समारंभाला येणाऱ्या सर्व मान्यवरांना माझी हात जोडून विनंती आहे. आत आलात की डाव्या भिंतीवरच्या फ्लेक्सचा खालचा कोपरा जरा उचलून बघा. तिथे तांबडी रेघ दिसेल. तुमच्यासोबत लहान मूल असेल तर त्याला क्षणभर त्या रेघेपाशी उभं करा, आणि मग आपापल्या खुर्चीवर जाऊन टाळ्या वाजवा.

आणि साहेब, आपल्याला उदंड आयुष्य लाभो. डोळे असेच स्वच्छ राहोत, हात स्थिर राहो, केळव्याच्या वाडीत सात पायऱ्या चढण्याचं बळ आपल्या गुडघ्यांत पुष्कळ वर्षं टिको. धाकट्या भावाने ती तोरणं उतरवलेली आपल्याला याच डोळ्यांनी बघायला मिळोत. आपल्याकडून मी आजवर पुष्कळ घेतलं, आज आपल्यासाठी देवाकडे एकच मागते आहे. आपली रेघ एकदा तरी खोटी ठरो. पाणी तिच्या खूप खाली थांबो, लोक आपल्याला हसोत आणि आपणही त्यांच्याबरोबर हसावं. आजवर ती कधीच खोटी ठरलेली नाही हे मला माहीत आहे, साहेब. पण या वेळी नकाशा माझा आहे.